तक्रार पत्र: नियमपुस्तकातली पानं ४९ ते ६४

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग.

(ही प्रत सर्वांना वाचण्यासाठी ठेवताना कंपनीचं नाव, खेळाचं नाव, माझं नाव, पत्ता आणि ऑर्डर क्रमांक काढले आहेत. पोस्टाने पाठवलेल्या प्रतीत ते सगळे आहेत.)

विषय: डार्क फँटसी रोलप्लेइंग खेळाच्या स्टार्टर बॉक्समधलं अपुरं नियमपुस्तक, बदली बॉक्समध्येही तोच दोष, आणि निवारण न करता बंद केलेली तक्रार.

महोदय / महोदया,

आपण नुकताच बाजारात आणलेला टेबलटॉप रोलप्लेइंग खेळाचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन बोलत खेळायच्या खेळाचा, स्टार्टर बॉक्स मी जानेवारीत, आमच्या सोलापूरची गड्ड्याची यात्रा चालू असताना, आपल्या संकेतस्थळावरून मागवला. सोलापुरात असे खेळ ठेवणारं दुकान माझ्या माहितीत नाही, त्यामुळे बॉक्स हातात घेऊन, उघडून पाहून घेण्याची सोय आम्हाला नाही. जे पार्सलमधून येईल त्यावरच विसंबावं लागतं. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे की हा खेळ नवख्यांसाठी आहे, बॉक्स उघडून त्याच संध्याकाळी खेळता येईल, आणि वय १४ पासून पुढे. आत नियमपुस्तक, साहसाची पुस्तिका, तयार कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती असलेले कागद) आणि सात फाशांचा संच आहे. नियमपुस्तक अपुरं आहे आणि एक फासा सदोष आहे. पुस्तकाबद्दल आधी लिहिते, कारण खरी तक्रार तिथे आहे.

पान ४८ उलटलं की पुन्हा पान ३३ येतं. ३३ ते ४८ ही पानं दोनदा बांधली गेली आहेत आणि त्यापुढे एकदम पान ६५ आहे. माझा व्यवसाय बाइंडिंगचा आहे. सासऱ्यांनी सुरू केलेला बाइंडिंगखाना आता मी चालवते, त्यामुळे हे कसं झालं असेल ते मला पुस्तक हातात घेताच कळलं. हे पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्ममध्ये छापलेलं आहे; फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून घडी घातलेला पानांचा जुडगा. घडी घातलेले फॉर्म क्रमाने एकावर एक लावतात आणि मग शिलाई होते. ३३ ते ४८ हा तिसरा फॉर्म, ४९ ते ६४ हा चौथा. चौथ्याच्या जागी तिसऱ्याचाच गठ्ठा ठेवला गेला आणि कामगार त्यातून उचलत राहिला. अशी चूक एका प्रतीवर थांबत नाही, गठ्ठा संपेपर्यंत चालते. म्हणूनच आपण पाठवलेल्या बदली बॉक्समध्येही अगदी तेच निघालं. कण्याकडून फॉर्म तपासले, चौथा तिथेही नाही. याचा अर्थ हा दोष माझ्या एकटीच्या पार्सलचा नाही, आपल्या खेपेचा आहे, आणि इतर कितीतरी घरांत हेच पुस्तक गेलेलं असणार.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर याला 'किरकोळ छपाई दोष' म्हटलं. हा शब्द मला मान्य नाही. कॅरममधली सोंगटी हरवली तर तिच्या जागी बटण ठेवून डाव पुढे नेता येतो. रोलप्लेइंग खेळात पट नसतो, सोंगट्या नसल्या तरी चालतं. १९७४ साली अमेरिकेत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' पहिल्यांदा छापून आला, तेव्हापासून या प्रकारच्या खेळांचा सगळा प्राण नियमांच्या पुस्तकात आहे. एक जण गेम मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे एकेक पात्र होतात, बोलण्यातून गोष्ट घडते, आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासा पडतो. फासा पडल्यावर काय होणार हे पुस्तक सांगतं. पुस्तकातली पानं गेली म्हणजे खेळच गेला.

आणि गेलेली पानं कुठली आहेत ते आपण एकदा स्वतः पाहावं. अनुक्रमणिकेप्रमाणे पान ४९ वर भीतीचे नियम सुरू होतात. ५२ वर कलंकाचा तक्ता आहे. ५७ वर कलंक कसा उतरवायचा ते आहे. आणि ६२ पासून ६४ पर्यंत 'टेबलावरची सुरक्षितता' हे प्रकरण आहे. आपल्या खेळात प्रत्येक मंत्राची किंमत मोजावी लागते. मंत्र म्हटला की वीस बाजूंचा फासा टाकायचा, पाच किंवा त्याखाली आलं की पात्राला कलंकाचा एक गुण लागतो, आणि मर्यादा गाठली की ५२ वं पान उघडायचं. म्हणजे अंधारात उतरण्याचे सगळे जिने आमच्या प्रतीत आहेत आणि वर येण्याची पानं नाहीत.

त्या रात्री आमच्या टेबलावर काय झालं ते सांगते, म्हणजे मी एवढा आग्रह का धरते आहे ते कळेल. आम्ही पाच जण अशोक चौकाजवळ आमच्याच घरी बसतो. एकाच्या घरी तेलुगू बोलतात, एकीच्या घरी कन्नड, आणि टेबलावर मराठीत तिन्ही मिसळतात. गेम मास्टर मी असते. आपल्या साहसात दलदलीच्या काठचा एक पडका किल्ला आहे. तो समोर उभा करताना मी आमच्या भुईकोट किल्ल्याची दुहेरी तटबंदी आणि बाजूचं सिद्धेश्वर तळं मनात धरलं होतं, आणि सगळ्यांना वाट, दरवाजा, पाणी लगेच दिसलं. पहिले दोन तास इतके सुंदर गेले की मधे चहाला कोणी उठायला तयार नव्हतं. हे मनापासून लिहिते आहे. आपल्या लेखकांनी जग फार ताकदीने रचलं आहे. त्यातल्या विहिरीची घंटा, तिचा आवाज ऐकून गप्प होणारं गाव, दारावर राख ओढण्याची चाल, हे सगळं आम्हाला धरून ठेवणारं होतं.

माझ्या भाचीचं पात्र वैदू होतं. ती पंधरा वर्षांची आहे, म्हणजे आपण छापलेल्या वयात बसणारी. हरवलेल्या मुलाला शोधण्यासाठी तिने मंत्रावर मंत्र म्हटले आणि कलंकाची मर्यादा गाठली. तिने स्वतः जाणूनबुजून घेतलेला तो निर्णय होता, आणि पुढे काय होणार हे ऐकायला ती श्वास रोखून बसली होती. मी ५२ वं पान शोधायला गेले तर हातात पुन्हा ३६ आलं. अनुभवावर काहीतरी रचून मी वेळ मारून नेली असती. पण साहसाच्या पुस्तिकेतला पुढचा प्रसंग त्याच वेळी उघडत होता. त्यात एक बाप आपलं तान्हं मूल स्वतःच्या हाताने दलदलीला देतो, आणि ते वर्णन पानभर आहे.

आमच्यातल्या एका मित्राचं बाळ गेल्या वर्षी जन्मानंतर लगेच गेलं. त्याने परवानगी दिली म्हणूनच हे इथे लिहिते. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या वाक्याला त्याने टेबलावरचं कार्ड उचललं. एक्स कार्ड म्हणतात त्याला. ज्याला एखादा प्रसंग नको असेल त्याने कार्डाला हात लावायचा, कारण विचारायचं नाही, प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. मी पुस्तिका मिटली. आम्ही खेळ थांबवला, त्याच्याजवळ बसून राहिलो, आणि त्या रात्री पुढे काही खेळलो नाही.

ते कार्ड टेबलावर होतं कारण मी आधीपासून असे खेळ खेळवत आले आहे. आपल्या बॉक्समध्ये ते नव्हतं. जुन्या खेळाडूंना माहीत असतं की भयाच्या खेळाआधी सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं असतं: कुठली गोष्ट या टेबलावर येणारच नाही, आणि कुठली आली तरी पडद्याआड राहील. हे सांगणारी तीन पानं आपल्या लेखकांनी लिहिली आहेत, अनुक्रमणिका त्याची साक्ष आहे. लेखकांना त्याचं मोल कळलं होतं. आपला बॉक्स मात्र 'नवख्यांसाठी' म्हणून विकला जातो, आणि नवख्यांना हे ठाऊक असण्याचा एकमेव मार्ग म्हणजे तीच पानं. एखाद्या वसतिगृहाच्या खोलीत चार मुलं हा बॉक्स उघडून बसली असतील आणि त्यांच्यातल्या एकाला काही असह्य झालं, तर थांबायचं कसं, हे त्यांना कोण सांगणार? काळोखी गोष्ट मला हवी आहे. ती निवडून मी पैसे दिले. पण ती सांगणाऱ्याने टेबलावरच्या माणसांची काळजी घेण्याची सोय सोबत द्यायलाच हवी, आणि ती दिली आहे असं अनुक्रमणिकेत छापून मग न देणं ही गंभीर गोष्ट आहे. आपल्या संकेतस्थळावर खेळाच्या माहितीतही बालमृत्यूचा किंवा बळीचा कुठे उल्लेख नाही. फक्त 'थरारक' एवढंच आहे.

आता फाशाबद्दल. वीस बाजूंच्या फाशावर समोरासमोरच्या दोन बाजूंची बेरीज २१ यावी अशी रचना असते: २० च्या समोर १, १७ च्या समोर ४. माझ्या पहिल्या बॉक्समधल्या फाशावर १७ च्या समोर १७ च आहे आणि ४ कुठेही नाही. १७ पडण्याची शक्यता त्यामुळे ५ टक्क्यांवरून १० टक्के होते, फाशाची सरासरी १०.५ वरून ११.१५ वर जाते, आणि कलंक लागण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर उतरते. बदली बॉक्समधला फासा ठीक आहे, त्यामुळे फाशाचा प्रश्न माझ्यापुरता मिटला. आपल्या कारखान्याला कळावं म्हणून लिहिलं.

सेवेबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. बदली बॉक्स सदोष निघाल्यावर मी फोटोंसह पुन्हा लिहिलं. आधी उत्तर आलं की परतीची मुदत संपली आहे. मग पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. मी फक्त गहाळ सोळा पानांची पीडीएफ मागितली, तेव्हा 'धोरणात बसत नाही' असं सांगण्यात आलं. त्यानंतर मला काहीही न विचारता तक्रार 'ग्राहकाचे समाधान झाले' असा शेरा मारून बंद केली गेली. माझं समाधान झालेलं नाही, आणि मी तसं कधीही म्हटलेलं नाही. हा शेरा आपल्या नोंदींतून काढावा ही माझी पहिली मागणी आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूच्या गुणवत्तेतली किंवा प्रमाणातली उणीव म्हणजे दोष, असं स्पष्ट म्हटलं आहे. सोळा पानं कमी असणं हा त्यात सरळ बसणारा दोष आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे आपण तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं असतं. सदोष माल परत घ्यायला नकार देण्याची मुभाही ते नियम देत नाहीत, त्यामुळे परतीच्या मुदतीचं कारण इथे लागू होत नाही.

मला पैसे परत नको आहेत. मला हा खेळ पूर्ण हवा आहे. चौथा फॉर्म सुटा, न शिवता पाठवा, मी माझ्या हाताने पुस्तक उसवून तो योग्य जागी बसवीन आणि पुन्हा शिवीन. तो पोस्टाने येईपर्यंत पीडीएफ द्या. मात्र एवढ्यावर हे पत्र संपत नाही. या खेपेतला बॉक्स ज्यांनी ज्यांनी घेतला त्या प्रत्येकाचा ईमेल आपल्याकडे आहे. त्या सर्वांना आपण होऊन कळवा की पुस्तकात ही पानं नाहीत, आणि निदान ६२ ते ६४ ही तीन पानं आजच्या आज संकेतस्थळावर विनामूल्य ठेवा. गोदामात उरलेले बॉक्स उघडून तपासल्याशिवाय विकू नका. कण्याकडून फॉर्म पाहायला एका प्रतीला अर्धं मिनिटही लागत नाही, हे मी धंद्यातली म्हणून सांगते. आणि खेळाच्या माहितीत, बॉक्सच्या मागेही, आत कुठल्या प्रकारचे प्रसंग आहेत ते दोन ओळींत छापा. ज्याला ते हवे असतील तो घेईलच, आम्हीही घेतला असता. माझ्या मित्राला मात्र ते वाचून आधी ठरवता आलं असतं.

हे पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात या मागण्यांवर लेखी उत्तर यावं. न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंद करून सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला आयोगाचं शुल्कही नाही.

माझ्या भाचीचं पात्र अजून कलंकाच्या मर्यादेवर उभं आहे. तिने तिची कॅरेक्टर शीट पुस्तकात घालून ठेवली आहे आणि दर रविवारी विचारते की पानं आली का. आमचा मित्रही पुन्हा टेबलावर बसायला तयार आहे, यावेळी सगळ्यांनी आधी ठरवून. आम्ही थांबलो आहोत ते फक्त आपल्यामुळे.

आपली,
एक ग्राहक
सोलापूर

सोबत: दोन्ही पुस्तकांच्या पान ४८ नंतरच्या पानांचे फोटो, अनुक्रमणिकेचा फोटो, फाशाचे फोटो, खरेदीची पावती, आणि आपल्या विभागाशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती.