आधी गेन लावा, मग फेडर

संपादक साहेब, नमस्कार.

गणपती, नवरात्र, जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, आपल्या सोलापुरात स्टेज आणि माइकला वर्षभर सुट्टी नसते. पण पाहुणे बोलायला उभारले की कुईंऽऽ ठरलेलं. मागून कोणतरी ओरडतं 'आवाज वाढव की बे', ऑपरेटर फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलतो आणि परत कुईंऽऽ. मग माइकच खराब हाय म्हणून सगळे मोकळे. आमच्या भजनी मंडळाचा मिक्सर मी बघतो म्हणून सांगतो, बहुतेक वेळा माइकला काही झालेलं नसतं.

मिक्सरवर प्रत्येक माइकची एक उभी रांग असते, तिला चॅनेल म्हणतात. त्या चॅनेलच्या एकदम वर गेनचा नॉब असतो, त्याच्याकडं कोण बघतच नाही. माइकमधनं येणारा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा, तो कामापुरता मोठा इथं होतो. फेडर खाली ठेवायचा, पीएफएल (फेडरच्या आधीचा सिग्नल मीटरवर दाखवणारं बटण) दाबायचं, बोलणाऱ्याला खऱ्या आवाजात बोलायला लावायचं (वन टू थ्री पुटपुटून उपयोग नाही, स्टेजवर साहेब एकदम गरजणार असतात) आणि मीटर शून्याच्या आसपास खेळेपर्यंत गेन वाढवायचा. पीकचा लाल दिवा लागला तर थोडं मागं, आणि मग फेडर शून्याच्या खुणेवर. गेन कमी ठेवून फेडर टोकाला नेला की मागं सूंऽऽ चालू राहतं, आणि गेन जास्त झाला तर आवाज तिथंच फाटतो, मग फेडर कितीही खाली घ्या, बारीक आवाजात फाटकाच ऐकू येतो.

त्या कुईंऽऽ शिट्टीचं गणित मात्र गेनवर संपत नाही. चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज 3 डेसिबलनं कमी होतो, म्हणजे एक जण बोलतोय आणि चार माइक उघडे असले तर 6 डेसिबल फुकट गेले. जे लागत नाहीत ते म्यूट करा की. स्टेजवरच्या मॉनिटरचा (बोलणाऱ्याकडं तोंड केलेल्या स्पीकरचा) ऑक्स, म्हणजे त्याला किती आवाज जातो तो नॉब, पण बघा, लोकांकडचा स्पीकर शांत आणि शिट्टी मॉनिटरमधनं, असं लई वेळा असतं. आणि वक्त्यांनी माइकची जाळी मुठीत धरू नये, त्यानं माइक चारी बाजूनं आवाज घ्यायला लागतो.

भाषणाच्या माइकला लो कटचं बटण दाबलेलं पाहिजे, 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालची घरघर, वाऱ्याची फडफड, सगळं जातं. पखवाज आणि डग्ग्याला तेच दाबून ठेवलं तर धुमच निघून जाते. भाषणाला इको कशाला लावतात ते मला अजून कळलेलं नाही.

आता मंडळवाल्यांना विनंती. कार्यक्रम तासभर उशिरा चालू करता, रात्री दहाला बंद करायचा असतो म्हणून साउंड चेकच कापता, त्यापेक्षा हारतुरे दोन कमी करा. आणि मिक्सर स्टेजच्या मागं, कापडाआड ठेवू नका. लोकं बसतात तिथं मधोमध टेबल द्या, तिथनं ऑपरेटरला कळतं तरी लोकांना काय ऐकू येतंय ते.

– एक भजनी वाचक, सोलापूर