दादा लग्नाला येणार नाही म्हणतो

रामला, इस्राएल, २८ मे २०२३

प्रिय शके,

पेसाखच्या सणाआधी तुझा फोन येऊन गेला, नंतर मेसेजही आले, आणि मी नुसती हात जोडलेली चित्रं पाठवत राहिले. रागावली असशील तर रागाव. तुझा राग मला चौथीपासून पाठ आहे, दोन दिवस टिकतो आणि तिसऱ्या दिवशी चिंच घेऊन येतो. हे सगळं फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून कागद घेतला. घरात सगळ्यांना कान आहेत आणि माझ्या नातीला, नोआला, मराठी चांगलं कळतं.

गुडघे आहेत तसेच आहेत. साखर गोळ्यांवर आहे. झालं.

नोआचं लग्न ठरलं, शके! ऑगस्टच्या शेवटी. मुलाचं नाव दावित. उंच, सडपातळ, बोलतो कमी आणि माझ्या हातचं सगळं खातो, सुक्या बोंबलाची चटणीसुद्धा. त्याचे आईवडील इथिओपियातून आलेले, बेटा इस्राएल म्हणतात त्या तिकडच्या ज्यूंपैकी. जेरुसलेमला ‘ताग मेइर’ नावाची एक मंडळी आहे, नोआ आणि तो, दोघंही त्यांच्यात काम करतात. तिथंच ओळख झाली.

या मंडळींबद्दल आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यालाच धरून आहे. इथं काही माथेफिरू पोरं मशिदींना आगी लावायची, चर्चच्या भिंतींवर घाण लिहायची, अरबांची जैतुनाची झाडं तोडायची. २०११ मध्ये गादी ग्वारियाहू नावाच्या एका गृहस्थांनी ठरवलं की हे आपल्या धर्माच्या नावावर होतंय, तर आपल्याच लोकांनी त्या दारात जाऊन उभं राहिलं पाहिजे. स्वतः ते धर्म पाळणारे, किप्पा म्हणजे ज्यूंची ती छोटी टोपी घालणारे. त्यांच्याबरोबर बऱ्याच संस्था जोडल्या गेल्या, धार्मिकही आणि धर्माचं काही न पाळणाऱ्याही. २०१५ मध्ये गालील सरोवराकाठचं ताब्घाचं चर्च जाळलं तेव्हा ही माणसं तिथं गेली. त्याच वर्षी दुमा गावात रात्री घर पेटवून दिलं, तान्हं मूल गेलं आणि मग आईबापही गेले, तेव्हाही. आणि अतिरेकी हल्ल्यात ज्यू माणूस गेला की त्याच्याही घरी शिव्याला, म्हणजे आमच्या सात दिवसांच्या सुतकात, जाऊन बसतात. माणूस कुणाचा गेला ते विचारत नाहीत.

जेरुसलेम दिन नुकताच झाला. त्या दिवशी झेंडे घेतलेल्या पोरांचा मोर्चा जुन्या शहरातल्या मुसलमान वस्तीतून जातो आणि त्यात काय काय घोषणा देतात ते लिहवत नाही. दुकानदार आधीच शटर ओढून घेतात. मोर्चाच्या आधी ताग मेइरची माणसं त्याच गल्ल्यांतून फुलं वाटत फिरतात. नोआ गेली तीन-चार वर्षं जाते. यंदा मला म्हणाली, आजी, एका म्हाताऱ्या मसालेवाल्यानं फूल घेतलं नाही, म्हणाला, फूल नको, संध्याकाळी इथं उभी राहा. मग ती आणि दावित संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानापाशी उभे राहिले. मोर्चातल्या एकानं दावितला त्याच्या रंगावरून शिवी घातली. किप्पा घातलेल्या ज्यू मुलाला, किप्पा घातलेल्या ज्यू मुलानं.

हे ऐकून मी रात्रभर जागी होते. आणि तरी ते परकं पोर होतं, रस्त्यावरचं. आता घरातलं ऐक.

लग्न ठरल्याचा मलिदा केला. तुला आठवतो ना आमचा मलिदा? पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. तू दर वेळी खजूर आधी वेचून खायचीस आणि आई हसायची. दादाच प्रार्थना म्हणतो, एलियाहू हन्नाबीचं गाणं त्याच्याइतकं इथं कुणी म्हणत नाही. आवाज अजून तसाच, पंचाहत्तरीतही. दावितचे आईवडील आले होते. आई पांढऱ्या सुती वस्त्रात, किनारीला रंगीत भरतकाम. वडील साठीला टेकलेले, कमी बोलणारे, मुलगा त्यांच्यावरच गेलाय. प्रार्थना झाली, थाळी फिरू लागली. दावितच्या वडिलांनी आदरानं उठून पहिला वाटा दादापुढे धरला. दोन्ही हातांनी.

दादा म्हणाला, ‘माझं पोट बरं नाही.’

मग नोआच्या आईनं, म्हणजे माझ्या सुनेनं, वेगळी बशी आणून दिली तेव्हा त्यानं खाल्लं. नीट खाल्लं. केळंसुद्धा.

शके, हे फक्त तुला कळेल. इथं जन्मलेल्यांना वाटलं, म्हातारा माणूस, असेल पोट बिघडलेलं. मला तुमच्या मागच्या पडवीतला तो कान तुटलेला कप दिसला. तुझ्या आजीनं माझ्यासाठी वेगळा ठेवलेला, खुंटीवर, कारण आम्ही बेने इस्राएल, शब्बाथला म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. आणि तू एक दिवस तो विहिरीत टाकून दिलास आणि मार खाल्लास. मी मात्र आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते, कारण मला वाटलं आता मला चहा मिळू नये म्हणून तू कप टाकलास! तेव्हा सांगायला काय झालं होतं गं तुला? अजून विचारते मी.

आणि आमची आजी तरी काय? गावात ते एक घर होतं ना, काळे इस्राएल म्हणायचे त्यांना. देव तोच, शब्बाथ तोच, पण आपण गोरे इस्राएल म्हणून आजी त्यांना भांड्याला हात लावू द्यायची नाही. बाबांनी ते बंद केलं. बाबांनीच, शके. दादाच्या समोर.

पाहुणे गेल्यावर मी दादाला फोन करून विचारलं. तो सरळ म्हणाला, मी लग्नाला येणार नाही. पोर काळ्यांच्या घरात देतेस, उद्या तुझ्या पणतवंडांना शाळेत काय ऐकावं लागेल ते मला विचार. एकसष्ट वर्षं मी ऐकतोय. कारखान्यात ऐकलं, सैन्यात ऐकलं, घर भाड्यानं मागायला गेलो तिथं ऐकलं. आता जरा कुठं लोक विसरायला लागलेत तर तू परत आठवण करून देतेस.

मी त्याला काय बोलणार? त्यानं मला इथं आल्यावर बोट धरून हिब्रू शिकवली. माझ्या लग्नात त्यानं कर्ज काढलं. तो वाईट माणूस नाही, तुलाही माहीत आहे. पण तो चुकतोय आणि फार चुकतोय, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं. त्यानं फोन ठेवला. तेव्हापासून बोलणं नाही.

तुला १९६४ आठवतं का? आठवणारच, बाबांची निळी पत्रं तूच वाचून दाखवायचीस. आईचे डोळे तेव्हाच गेले होते आणि माझ्या वाचण्यावर तिचा विश्वास नव्हता. बाबा आणि दादा पुढे आले होते आणि आम्ही दोघी मागे राहिलो, का, तर बाबांनी लिहिलं होतं की हे मिटेपर्यंत येऊ नका. १९६२ मध्ये इथल्या धर्मपीठानं फर्मान काढलं की बेने इस्राएलांपैकी कुणी लग्न नोंदवायला आलं तर त्याच्या आईची, आजीची, पणजीची चौकशी करा, जमेल तितकं मागे जा. कोकणात घटस्फोटाचे धर्मनियम नीट पाळले नसतील, म्हणून आमच्या ज्यूपणावर शंका. पिढ्यान् पिढ्या शब्बाथला घाणा बंद ठेवणाऱ्यांवर! मग १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं गावोगावाहून जेरुसलेमला जाऊन ज्यू एजन्सीसमोर, बाहेरच्या ज्यूंना इथं आणून वसवणाऱ्या संस्थेसमोर, रस्त्यावर बसली, बायकापोरांसकट. महिनाभर. ऑगस्टच्या १७ तारखेला क्नेसेतनं, म्हणजे इथल्या संसदेनं, ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि मग धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. आपला सिमसनदादा सोळा वर्षांचा होता. बाबांच्या शेजारी गोणपाटावर निजायचा.

आणि आता हे ऐक, याच्यासाठी मी पत्र लिहायला बसले. मलिद्याच्या दिवशी पाहुणे निघताना मी दावितच्या वडिलांशी बोलत होते. ते एकोणीस वर्षांचे असताना घरून निघाले, रात्री चालायचं, दिवसा लपायचं, असं सुदानपर्यंत. तिथल्या छावणीत बहीण वारली. त्या वाटेवर आणि त्या छावण्यांत त्यांचे हजारो लोक गेले, शके. मग १९८४ च्या शेवटी विमानानं इथं आणलं. इथं पोचले तर धर्मपीठ म्हणालं, तुम्ही ज्यू आहात की नाही याची खात्री नाही, लग्न करायचं तर आधी विधीची आंघोळ करा, नव्यानं धर्मात या. अगं, १९७३ मध्येच मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी त्यांना ज्यू म्हणून मान्य केलं होतं! मग १९८५ च्या शरदात त्यांची माणसं जेरुसलेमला धर्मपीठाच्या इमारतीसमोर जाऊन बसली. महिनाभर. दावितचे वडील त्यांच्यात होते.

म्हणजे त्या दिवशी माझ्या घरात दोन माणसं अशी होती, जी एकाच प्रश्नासाठी एकाच शहराच्या रस्त्यावर निजली होती. मधे फक्त एकवीस वर्षं. आणि एकानं दुसऱ्याच्या हातून पोहे घेतले नाहीत.

दावितची आई परिचारिका आहे. १९९६ च्या जानेवारीत इथं उघडकीला आलं की इथिओपियातल्या ज्यूंनी दान केलेलं रक्त गुपचूप फेकून देतात, एचआयव्हीच्या भीतीनं, त्यांना न सांगता. ती तेव्हा शिकत होती आणि दर काही महिन्यांनी रक्त द्यायची. हे सांगताना बाई रागावली नाही, रडली नाही, माझ्याकडून मलिद्याचं प्रमाण विचारून घेतलं. पोहे किती वेळ भिजवायचे ते दोनदा विचारलं. मला तिच्याजवळ बसून राहावंसं वाटलं.

परवा शावुओतच्या सणाला सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, रूथचं पुस्तक वाचलं. मोआबातली परकी पोर, सासूच्या मागून चालत आली आणि दावीद राजाच्या आज्याची आई झाली. दादा माझ्यासमोरच्या बाकावर होता. मान खाली घालून बोटानं ओळी लावत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं कोण जाणे. बाहेर आल्यावर मला टाळून मागच्या दारानं गेला.

नोआ मला म्हणते, आजी, तू त्रास करून घेऊ नकोस, आम्ही याहून कठीण दारांवर गेलोय. २०२१ मध्ये शेजारी लोदला दंगल झाली, सिनेगॉग जळाली, मशिदीवरही हल्ला झाला, दोन्हीकडचे मेले. दगडांनी मारल्या गेलेल्या ज्यू माणसाचं मूत्रपिंड त्याच्या घरच्यांनी दान केलं आणि ते जेरुसलेमच्या एका अरब बाईला बसवलं. नोआ तेव्हा दोन्ही वस्त्यांत फिरत होती आणि मी इथं जीव मुठीत धरून बसले होते. ती पोर दंगलीला घाबरली नाही. पण दादाआजोबा येणार नाहीत म्हटल्यावर न्हाणीघरात जाऊन रडली. मी दाराबाहेर होते.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. आम्ही १९७० मध्ये निघालो तेव्हा आईनं तुमच्या माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक ठेवली होती, हिरवी, कडीला सुतळी बांधलेली. त्यात बाबांची पत्रं आहेत. निसर्ग वादळात तुमची कौलं उडाली तेव्हा तू म्हणाली होतीस की माळ्यावरचं सामान वाचलं. त्यातलं १९६४ चं, त्या धरण्याच्या वेळचं पत्र मला हवंय. त्यात एक वाक्य होतं, आईनं ते तुझ्याकडून परत वाचून घेतलं होतं. माझ्या आठवणीत ते असं आहे: आज आम्हाला विचारतात, उद्या दुसऱ्या कुणाला विचारतील, तेव्हा आपण त्यांच्या शेजारी जाऊन बसायचं, हे मी सिमसनला सांगून ठेवलंय. पण खरंच तसं लिहिलं होतं का, की इतक्या वर्षांत मी मनानंच ते तयार केलंय? माझ्या शब्दावर दादा विश्वास ठेवणार नाही. बाबांच्या अक्षरावर ठेवेल. आणि वाक्य तसं नसेल, तरी जे असेल ते पाठव. मी ते घेऊन त्याच्या दारात जाईन. त्यानं दार उघडलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जाईन.

तुझं कसं चाललंय? सुपारी धरली का नव्या झाडांना? मिलिंदच्या नोकरीचं काय झालं? सुनेशी जमवून घे गं, ती सकाळी उशिरा उठते एवढाच तिचा गुन्हा आहे, आणि तू स्वतः शाळेत कधी वेळेवर आली होतीस? आपल्या तिकडच्या बेथ एल सिनेगॉगला आता प्रार्थनेला दहा पुरुष तरी जमतात का? वाटेत असलं तर एकदा डोकावून ये.

मूळ पत्र पोस्टानं पाठवू नकोस. मिलिंदला दोन्ही बाजूंचे फोटो काढायला सांग, घडीवरची अक्षरं पुसट असतील तिथं जवळून घे म्हणावं. आणि ट्रंक एकटीनं खाली काढू नकोस, शिडी जुनी आहे.

तुझी,
फ्लोरा

ता. क. लग्नाची पत्रिका छापायला जुलैत देणार आहोत. मराठीतही छापतोय, आणि दादाचं नाव निमंत्रकांत पहिलं घालणार आहे, तो हो म्हणो की नाही. शुद्धलेखन तू तपासून दे.