सईच्या कॉम्प्युटरवर कोणतं सर्च इंजिन?

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

सईच्या कॉम्प्युटरवर गुगल काढून मुलांसाठीचं सर्च इंजिन टाकावं का, असं तू परवा विचारलंस. मधुराचं म्हणणं, टाकायलाच हवं. तिची काळजी मला पूर्ण पटते. दहा वर्षांच्या पोरीने काहीतरी साधं शोधायला जावं आणि भलतंच डोळ्यांसमोर यावं, हे कुठल्या आईला चालेल? पण फोनवर उभ्या उभ्या उत्तर द्यावं असा हा विषय नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्ही पाहिलेल्यांपैकी किडल आधी घेते. ते २०१४ पासून आहे. नाव आणि रंगसंगती पाहून गुगलचंच वाटतं, पण तसं नाही. गुगलची शोधयंत्रणा वापरून दुसऱ्यांनी केलेलं आहे. पहिले दोन-तीन निकाल खास मुलांसाठी लिहिलेल्या आणि माणसांनी तपासलेल्या साइटचे असतात. पुढचे सातव्यापर्यंतचे सोप्या भाषेतल्या इतर साइटचे, आणि आठव्यापासून नेहमीच्या मोठ्यांच्या साइट, फक्त गाळून घेतलेल्या. अक्षर मोठं, शेजारी ठसठशीत चित्र. दुसरी-तिसरीतल्या, इंग्रजी वाचणाऱ्या मुलासाठी मी लगेच हो म्हटलं असतं.

स्विसकाऊज स्वित्झर्लंडचं. त्यातला अश्लील आणि हिंसक गोष्टींवरचा फिल्टर बंद करायची सोयच नाही. शिवाय कोण काय शोधतंय याची नोंद आपण ठेवत नाही, असं कंपनी सांगते. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. लहान मुलाच्या मनातले प्रश्न कुठल्या कंपनीच्या वहीत का जमा व्हावेत? आपल्याकडेही वैयक्तिक डिजिटल माहितीच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई करणारं कलम आहे, ते उगाच नाही.

तरी सईसाठी यांपैकी काहीच एकटं पुरणार नाही, असं माझं मत आहे. तिचं वय बघ. आज ना उद्या तिला पाळी येईल. मी इतकी वर्षं विज्ञान शिकवलं. सातवी-आठवीतल्या मुली तास संपल्यावर प्रयोगशाळेच्या दाराशी रेंगाळायच्या, सगळे गेले की हळूच एखादा प्रश्न विचारायच्या. आता तो प्रश्न आधी कॉम्प्युटरला विचारला जातो. अशाच एका मुलांच्या इंजिनमध्ये मी ‘पाळी का येते’ असं मराठीत टाकून पाहिलं. कामाचं एकही पान आलं नाही. बंदी घातलेली असो की मराठीत त्यांच्याकडे काही नसो, सईच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. दार बंद दिसलं की मूल वर्गातल्या मैत्रिणीच्या मोबाइलकडे वळतं, आणि तिथे कुठलाच फिल्टर नसतो.

शब्द किंवा याद्या पाहून अडवणाऱ्या यंत्रणेत सुक्याबरोबर ओलंही जळतं. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कंथॉर्प गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावातली काही अक्षरं सलग वाचली की शिवी होत होती. २०२० मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीने घरांसाठी अश्लील साइट अडवणारा फिल्टर सुरू केला, तर समलिंगी लोकांच्या माहितीच्या साइटही अडवल्या गेल्या. त्यांनी लगेच चूक मान्य करून ती दुरुस्त केली, पण इतक्या मोठ्या कंपनीचंही असं होतं. आणि हे इंग्रजीतलं. स्तनाचा कर्करोग, जालियनवाला बाग, अफजलखानाचा वध, हे मराठीतून शोधणाऱ्या मुलीला ही यंत्रणा कितपत ओळखणार?

मला विचारशील तर असं कर. गुगलच राहू दे, पण त्याचं सेफसर्च, म्हणजे अश्लील निकाल गाळणारी सेटिंग, ‘फिल्टर’वर ठेव. ‘ब्लर’वर नको, त्यात चित्रं धूसर होतात, मजकूर आणि लिंका तशाच राहतात. नोंदी ठेवल्या जाण्याची फार चिंता वाटत असेल तर डकडकगो या, नोंदी ठेवत नाही असं सांगणाऱ्या सर्च इंजिनचा safe.duckduckgo.com हा पत्ता मुख्य पान म्हणून टाक, तिथे कडक फिल्टर कायम चालू असतो. त्याखेरीज राउटरच्या डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या सेटिंगमध्ये, १.१.१.३ आणि १.०.०.३ भर. हा क्लाउडफ्लेअरचा तोच फिल्टर. सेफसर्च फक्त शोधाच्या निकालांपुरतं असतं, थेट पत्ता टाकला तर ते काही करू शकत नाही. डीएनएस मात्र घरातल्या सगळ्यांसाठी ती साइटच उघडू देत नाही. हे वायफायपुरतंच, हे लक्षात ठेव. तुझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट तिला दिलास की त्याचा उपयोग शून्य.

आणि हे सगळं तिला सांगून कर. काय अडवलंय, का अडवलंय, हे दोघांनी समोर बसवून सांगा. तिच्या पाठीमागे हिस्टरी चाळत बसू नका. एखादं पान उघडलं नाही तर रागावणं होणार नाही, आपण मिळून शोधू, एवढा शब्द तिला द्या आणि तो पाळा. पाळीबद्दल मात्र इंटरनेटच्या आधी मधुराने बोलावं, या मे महिन्यातच. तिला अवघड वाटत असेल तर सुट्टीत सईला इकडे पाठव, मी बोलेन.

राउटरची सेटिंग शनिवारी करून घे आणि जमलं की कळव. पासवर्ड बदलायला विसरू नकोस, अजून डब्यावर छापलेलाच असेल.

तुझी,
आई