एकटीने डोंगरात जाण्याआधी

सातारा,
१८ नोव्हेंबर

चि. मैत्रेयीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मंगळवारी तू फोनवर विचारलेस, "डिसेंबरात राजगड ते तोरणा एकटीने करू का?" आणि मी "बघू" एवढेच म्हणून विषय सोडला. घाईने हो किंवा नको म्हणणे मला बरे वाटेना, म्हणून चार दिवस घेतले. माझे उत्तर हो असे आहे. त्याच्या अटी खाली लिहिते; पण त्याआधी मला स्वतःला एकटीने डोंगरात जायला का आवडते ते सांगायचे आहे, कारण या विषयावर आपण कधी नीट बोललेलोच नाही.

आठवड्यातून तीन-चार दिवस मी पहाटे अजिंक्यतारा चढते, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. मैत्रिणी सोबत असल्या की गप्पांच्या नादात चढ कधी संपला ते कळत नाही, आणि मला तर तो चढ कळायला हवा असतो. एकटी असले की पहिल्या वळणावर धाप लागते, पुढे पावलांशी श्वास जुळतो, आणि मग कानांना आजूबाजूचे ऐकायला सवड मिळते. पावसाळ्यात उजाडायच्या आत झाडीतून शीळकरी कस्तूर गाऊ लागतो; कोणी पोरगा चाल विसरून तीच शीळ पुन्हा पुन्हा घालून पाहतो आहे, असे वाटते. एकदा मी त्याच्यासाठी वीस मिनिटे उभी राहिले आणि माझ्यामुळे कोणाचाही खोळंबा झाला नाही. हे सुख लहान नाही, बाळा. यवतेश्वरच्या घाटात तू एकटी धावून येतेस तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे समाधान असते, ते मला याच जातीचे वाटते.

आता गेल्या हिवाळ्यातली तुझी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, ती ठरल्या वेळेत पुरी करायची सायकल सफर, आठव. साडेतेरा तासांची मुदत होती, पंक्चर झाले तर ते स्वतःच काढायचे होते, आणि बरेचसे अंतर तू एकटीनेच कापलेस. तरीही तुझ्याजवळ ते नोंदीचे कार्ड होते, वाटेतल्या प्रत्येक कंट्रोलवर, म्हणजे तपासणीच्या ठिकाणी, तुझी वेळ नोंदली जात होती, आणि तू कुठपर्यंत पोहोचलीस हे कोणाला तरी ठाऊक होते. डोंगरात असे कार्ड कोणी देत नाही. ते आपले आपणच तयार करून घरी ठेवायचे असते, आणि मी ते एकदा ठेवले नव्हते.

२०१६ च्या ऑक्टोबरात मी व्याजवाडीहून वैराटगडावर गेले होते. तू तेव्हा शाळेत होतीस, आणि घरी मी मावशीकडे जाते असे सांगितले होते. वर वैराटेश्वराचे दर्शन घेऊन उतरायला लागले. पाऊस नुकताच सरलेला, गवत कमरेएवढे, आणि त्यात मळलेली वाट समजून मी एका ढोरवाटेला लागले. ढोरवाट फसवी असते, कारण ती खरोखरच मळलेली असते; गुरे मात्र गावाकडे न जाता चाऱ्याकडे जातात. अर्ध्या तासाने ती वाट गवतातच विरली आणि पुढे पाहते तो कडा. खाली व्याजवाडीची कौले दिसत होती, त्यामुळे "थोडेसेच तर उतरायचे आहे" हा विचार फार जोराने मनात आला. घसाऱ्यावर मी चार पावले उतरलेही. पाचव्या पावलाला पायाखालचा दगड सुटला आणि तो खाली आपटल्याचा आवाज बऱ्याच वेळाने आला. मग मी बसले, पाणी प्यायले आणि ठरवले की ओळखीच्या जागेपर्यंत, म्हणजे थेट देवळापर्यंत, पुन्हा चढायचे. फोनला रेंज नव्हती. घरी पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. तुझे बाबा तोवर मावशीकडे दोनदा फोन करून चुकले होते. ते रागावले नाहीत, नुसते बसून राहिले, आणि त्यांचा तो चेहरा मी आजही विसरलेले नाही. फ्रिजवर माझी चिठ्ठी लागते ती तेव्हापासून: कुठे, कोणत्या वाटेने, परत किती वाजता.

म्हणून तुझ्या बेताविषयी. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब सांगितला, तो आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. दहा किलोमीटर अंतर आणि ९०० मीटर चढ असेल तर साडेतीन तास झाले. आपल्या उन्हात, पाठीवर ओझे घेऊन, मी त्याची दीडपट धरते. शनिवारी राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात कोणाच्या तरी घरी मुक्काम कर आणि रविवारी साडेपाचला बॅटरीच्या उजेडात चढायला लाग. पद्मावती माचीवर पाणी पूर्ण भरून घे, कारण मधल्या धारेवर पाण्याचा भरवसा धरू नये. संजीवनी माचीवर, अळू दरवाज्यापाशी, साडेदहापर्यंत पोहोचली नाहीस तर तोरण्याचा विचार सोड, माची निवांत बघ आणि गुंजवण्यात परत ये. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि तोरण्याच्या बुधला माचीवर अंधार गाठावा अशी ती जागा नव्हे. कातळावर हात टाकण्याआधी तिथे डोळ्यांनी बघ. फुरसे दगडाच्या रंगाचेच असते. अत्तर लावू नकोस, आग्या मोहोळ त्याने चवताळते. वाटेचा नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घे.

गुंजवण्यात ज्यांच्याकडे उतरशील त्यांचा नंबर शुक्रवारी मला कळव, आणि त्यांनाही तुझी वाट सांगून ठेव. तोरण्याखाली वेल्ह्यात उतरलीस की फोन कर. सातपर्यंत फोन आला नाही तर मी काळजी करणार नाही; आठपर्यंत आला नाही तर आधी गुंजवण्यात आणि मग ११२ वर फोन करीन. या दोन वेळा मी बाबांनाही सांगितल्या आहेत. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि कपाटातून त्यांची जुनी पितळी शिट्टी काढून दिली. ती या पत्रासोबत पाठवत आहे. पिशवीत ठेवू नकोस, गळ्यात घाल.

तुझी,
आई