तेराव्यानंतरची सही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, पाठोपाठ शासनाचे परिपत्रक निघाले. कुंकू-बांगड्यांवर त्यामुळे बोलणे होते, हे बरेच झाले. कोकणात मात्र बाईचे स्वातंत्र्य पुष्कळदा जाते ते तेराव्यानंतरच्या आठवड्यात, जमिनीचे दस्त नोंदवतात त्या तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात.

इथल्या कितीतरी जणींनी उमेदीची वर्षे नवरा मुंबईत आणि आपण गावी, अशी काढलेली असतात. लावणी, काजूचा हिशेब, सासूचे औषधपाणी सगळे त्यांच्याच अंगावर. नवरा यायचा शिमग्याला, गणपतीला. निवृत्त होऊन तो कायमचा घरी आला, की त्याच बाईला बाजारात जायलाही विचारावे लागते. असा नवरा गेल्यावर ती रडते ते खरे आणि आत कुठेतरी मोकळे वाटते तेही खरे. दुसरे बोलायची चोरी. मग त्याची टोचणी लागते, आणि टोचणी लागलेल्या बाईकडून सही घेणे फार सोपे. ‘वहिनी, आम्ही काय परके आहोत? पुन्हा सगळे कधी जमणार?’ म्हणत चाकरमानी दीर रजा संपायच्या आत हक्कसोडपत्र, म्हणजे मालमत्तेतला आपला वाटा सोडल्याचा कागद, पुढे करतात.

मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असेल तर सासू यांना सारखा वाटा मिळतो. एक मुलगा, एक मुलगी आणि सासू असेल, तर नवऱ्याच्या हिश्शात तिचे चार आणे. ही माणसे असताना दीर वारस नव्हेत. नोंदलेले हक्कसोडपत्र फिरवायचे तर दिवाणी कोर्ट गाठावे लागते.

म्हणून आधी वारसनोंद. मृत्यूची नोंद २१ दिवसांत, वारसाची वर्दी तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) तीन महिन्यांत. सोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते असलेले प्रतिज्ञापत्र, वंशावळ, सातबारा आणि आठ-अ. नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपली की मंडळ अधिकारी फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) प्रमाणित करतो. बिघडते ते इथे: विधवेचे नाव सातबाऱ्यावर भोगवटादार (जमिनीची धारक) म्हणून न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकतात, लग्न झालेल्या मुली वगळतात. नवऱ्याचे नाव मुळात सातबाऱ्यावर नसून थोरल्या भावाचे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून असेल, तर नुसत्या वारस अर्जाने भागत नाही. जुने फेरफार काढून वकिलाला दाखवावेत. घर तर बहुतेकजणी विसरतातच. त्याची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही) असते, तिथे वेगळा अर्ज लागतो.

पुनर्विवाहाचा विचार मनात येतो, आणि आलाच तर लाज कसली? नवऱ्याकडून वारसाने आलेली जमीन त्यामुळे जात नाही. ईपीएस-९५ चे (नवऱ्याच्या नोकरीतल्या भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेचे) विधवा पेन्शन मात्र थांबते, तो हिशेब आधी मांडावा.

मृत्यूचा दाखला ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) देतो. त्याच वेळी वारसनोंदीचा अर्जही त्या घरातल्या बाईच्या हाती द्यावा, अशी जिल्हा परिषदेला आमची विनंती आहे. हक्कसोडपत्राला कायद्याने कसलीही मुदत नाही. ते वर्षश्राद्धानंतरही करता येते.

वारसनोंदीच्या कामात मदत करणाऱ्या काहीजणी,
जि. रत्नागिरी