त्या ‘शंभर पट’ दुर्बिणीबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर, सोन्याच्या भावाच्या खाली, नासाच्या नव्या रोमन अंतराळ दुर्बिणीची चार ओळींची बातमी होती. चार ओळी छापल्यात त्याचंच आधी कौतुक वाटलं, खरं सांगते, पण त्यातली एक चुकली. ‘हबलपेक्षा शंभर पट शक्तिशाली’ असं लिहिलंय तुम्ही. (हबल म्हणजे नासाचीच जुनी अंतराळ दुर्बीण.)

अहो, रोमनचा मुख्य आरसा २.४ मीटरचा आणि हबलचाही २.४ मीटरचाच. म्हणजे बारीकसारीक तपशील टिपण्यात दोघी जवळपास बहिणी-बहिणी. शंभर पट आहे ते एका फोटोत मावणारं आकाश. आपल्या इंदुरी भाषेत सांगायचं तर हबल म्हणजे सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या किसाच्या एका कढईवर नजर लावून उभं राहणं आणि रोमन म्हणजे गच्चीवरून अख्खा सराफा बघणं, पण कढईतली मोहरीसुद्धा तेवढीच स्पष्ट दिसली पाहिजे. हबलच्या फोटोंमधून देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेचं मोठं चित्र जुळवायला दहा वर्षांच्या वर गेली, सहाशेच्या वर तुकडे जोडावे लागले. रोमनच्या कॅमेऱ्यात १८ सेन्सर आहेत, मिळून सुमारे ३० कोटी पिक्सेल, म्हणून एका फोटोत एवढं आकाश मावतं, खरी गंमत तिथे आहे.

आता तुम्ही म्हणाल या बाईला कशाला एवढ्या चौकशा. तर १९८५ साली हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून माझ्या दादाच्या डोक्यात दुर्बीण बनवायचं खूळ शिरलं. मुंबईच्या चोरबाजारातून जहाजाच्या खिडकीच्या जाड काचेच्या सहा इंची दोन चकत्या आणल्या, एक खाली एक वर, मध्ये कारबोरंडमची (काच घासायची खरखरीत) पावडर आणि पाणी, आणि पिंपावर ठेवून त्याच्याभोवती फिरत फिरत घासायचं. रामबागेतल्या आमच्या घरात दोन महिने फक्त खर्र खर्र आवाज. वरची काच हळूहळू खोलगट होत जाते, तोच दुर्बिणीचा आरसा, आणि खालची फुगते, हे मी तेव्हा हाताने शिकले, पुस्तकातून नाही. आईला पोळीत एकदा कचकच लागली तेव्हा सगळं सामान अंगणात गेलं. मग डांबरासारख्या पिचवर लाल पावडरने पॉलिश, आणि मग रात्री अंधारात एक बारीक दिवा आणि दाढीचं ब्लेड घेऊन तपासणी. ब्लेड किरणांच्या आड सरकवलं की आरशावर सावल्या पडतात, टेकाडं आणि खड्डे दिसावेत तशा, आणि केसाच्या शंभराव्या भागापेक्षाही लहान चूक डोळ्यांना दिसते. ते मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता, आजही लिहिताना येतोय. आमच्या आरशाची कडा उतरलेली निघाली. कडेला जास्त घासलं गेलं होतं. आणि हे सगळं होईपर्यंत हॅले निघून गेला होता, ते वेगळंच.

म्हणून १९९० साली हबल वर गेली आणि फोटो धूसर आले, आणि कळलं की तिच्या आरशाचीही कडा २.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त घासली गेलीय, तेव्हा दादा आधी पोट धरून हसला आणि मग दिवसभर गप्प बसला. आरसा तपासायच्या यंत्रातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं, आरसा बिचारा त्या यंत्राबरहुकूम अगदी तंतोतंत चुकीचा बनला. दुसऱ्या साध्या टेस्टमध्ये गडबड दिसत होती म्हणे, पण मोठं यंत्र खोटं कसं बोलेल! १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीरांनी वर जाऊन तिला चष्मा लावला.

नंतरच्या जेम्स वेब दुर्बिणीला ती सोय नव्हती, ती १५ लाख किलोमीटरवर. तिच्या आरशाचे १८ षटकोनी तुकडे बेरिलियम धातूचे, वर सोन्याचा मुलामा. काम करायचं उणे २२० अंश सेल्सिअसच्याही खाली, आणि एवढ्या थंडीत धातू आकसतो, वाकतो. म्हणून ते तुकडे आधी गार करून मोजले आणि मग नेहमीच्या तापमानाला मुद्दाम चुकीचे घासले, म्हणजे तिकडे गारठले की बरोबर होतील. मुद्दाम चुकीचे! ज्याने एकदा तरी काच घासलीय त्याला विचारा हे ऐकून काय होतं. २५ डिसेंबर २०२१ ला ती घडी होऊन उडाली, वर जाऊन उलगडायची होती, त्यानंतर दोन आठवडे दादाचा पुण्याहून रोज फोन, ‘आज काय उघडलं?’ कारण ३४४ जागा अशा होत्या की एक अडकली तरी सगळं मुसळ केरात.

आणि तुमच्या त्या चार ओळींत रोमनच्या आरशाची गोष्टच नाही. तो मुळात हेरगिरीच्या उपग्रहांसाठी बनलेला, अमेरिकेच्या हेर खात्याकडे पडून होता, २०१२ साली त्यांनी नासाला देऊन टाकला. मग त्याला परत घासून आकार दिला, नवीन चांदीचा लेप चढवला. आकार हबलच्या आरशाएवढाच पण वजन १८६ किलो, चौथाईपेक्षाही कमी. २०२५ च्या नोव्हेंबरात मेरीलँडमध्ये दुर्बीण पूर्ण जोडून झाली, तेव्हा उडवायची मुदत मे २०२७ पर्यंतची होती. आणि रोमन म्हणजे इटलीतलं शहर नव्हे हो (आमच्या शेजाऱ्यांना तसंच वाटलं होतं), नॅन्सी ग्रेस रोमन, नासाच्या पहिल्या खगोल-प्रमुख, हबलची आई म्हणतात त्यांना. शाळेत लॅटिन सोडून आणखी बीजगणित घेते म्हटल्यावर तिथल्या बाईंनी नाक मुरडलं होतं. मी काच घासायला बसले की आमच्याकडेही पाहुण्यांची नाकं अशीच मुरडायची.

माझं म्हणणं एवढंच की फोटो आले की तुम्ही रंगीत छापताच, पण ती बनली कशी ते आत्ता छापा. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान द्या, भविष्याच्या शेजारी दिलंत तरी चालेल. आमच्या गल्लीतल्या पोरांना वेबचं नाव ठाऊक आहे, पण २०१५ साली आपल्या इस्रोने ॲस्ट्रोसॅट नावाची दुर्बीण सोडलीय हे एकालाही माहीत नव्हतं, आणि त्याला पोरं काय करणार.

आणि तेवढं ‘शंभर पट’ दुरुस्त करा.

आपली एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर

ता.क. आमचा आरसा अजून आहे, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून गोदरेजच्या कपाटात. उतरलेल्या कडेवर दादाने काळ्या कागदाची रिंग चिकटवलीय, त्यामुळे सहा इंचाचा साडेपाच झाला, पण शनीची कडी दिसतात. तुमच्या फोटोग्राफरला पाठवायचं असेल तर अमावस्येच्या आसपास पाठवा, गच्चीचा जिना अरुंद आहे.