माफीच्या साक्षीदाराशी झालेली बोलणी कागदावर येऊ द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखादा आरोपी माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला, की त्याची मोठी बातमी होते आणि चहाच्या टपरीवर निकालही लागून जातो: आता बाकीचे सुटत नाहीत. पण तो माणूस कधी, कोणासमोर आणि कशाच्या बदल्यात तयार झाला, हे बातमीत येत नाही आणि कोर्टाच्या कागदांतही सापडत नाही. बीड जिल्ह्यात बरीच वर्षे फौजदारी वकिली केली, म्हणून हे लिहितो आहे.

माफी देण्याला माझा विरोध नाही. गुपचूप रचलेला कट त्यातलाच कोणी फुटल्याशिवाय अनेकदा उघडा पडत नाही. म्हणून तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 306 होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 343 आहे. काहीही हातचे न राखता सगळे खरे सांगायचे, ही अट. माफी देताना मॅजिस्ट्रेटने कारणे नोंदवायची आणि आरोपीने अर्ज केला तर त्याला नक्कल फुकट द्यायची. इथपर्यंत सगळे ठीक आहे. घोळ होतो तो त्याआधीच्या दिवसांत.

एका खुनाच्या खटल्यात असा अर्ज तुरुंगातून आला होता. ‘मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावास वा आमिषास बळी न पडता...’ वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही, आणि खाली डाव्या हाताचा अंगठा. माणूस ऊसतोडीला जाणारा. उलटतपासात विचारले, अर्ज कोणी लिहिला? “साहेबांनी.” कोणत्या साहेबांनी? “ध्यानात नाही.” त्याआधी पोलीस किती वेळा भेटले? “ध्यानात नाही.” तपास अधिकारी म्हणाले, भेटलो होतो, पण टिपण ठेवलेले नाही. केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंदवही, आरोपीला मागता येत नाही. तिथेच प्रश्न खुंटला, आणि ज्या दुसऱ्या आरोपीवर जन्मठेपेची टांगती तलवार होती त्याच्या हाती काहीच उरले नाही.

जुन्या संहितेचे कलम 316 स्पष्ट सांगत होते की, माफीची तरतूद सोडली तर आरोपीला वचन देऊन किंवा धाक दाखवून बोलते करायचे नाही, गप्पही करायचे नाही. नव्या संहितेतही ही मनाई आहे. तरीही बायकोचे नाव आरोपपत्रात घेत नाही, भावाच्या जामिनाला हरकत घेत नाही, अशी बोलणी होतात हे कोर्टाच्या आवारात वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एकदा माफी घेतली की माणूस अडकतो. आधी जामिनावर नसेल तर खटला संपेपर्यंत तुरुंगात, आणि जबाब फिरवला तर स्वतःवरच खटला. म्हणून पहिल्या दिवशी तो काय बोलला होता आणि शेवटच्या जबाबात काय आले, हे ताडून बघता आले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये सरवनसिंग खटल्यात सांगितले की, आधी माफीचा साक्षीदार विश्वासार्ह आहे का ते बघा, मग त्याला दुजोरा मिळतो का ते बघा. त्याला काय कबूल केले होते हेच झाकलेले असेल, तर न्यायाधीशांनी पहिली कसोटी लावायची कशी?

मुंबईवरच्या 26/11 हल्ल्याच्या कटातल्या डेव्हिड हेडलीचे उदाहरण घ्या. अमेरिकेत त्याने 2010 मध्ये गुन्हा कबूल केला तो लेखी करारावर. फाशी नाही, भारताच्या ताब्यात देणे नाही, हे त्यात लिहिलेले होते आणि जगाने ते वाचले. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईच्या कोर्टाने त्याला माफी दिली आणि 2016 मध्ये त्याने साक्ष दिली ती आपल्याच गेवराईच्या आरोपीविरुद्ध. गुन्हा इतका भयंकर, तरी सौद्याची अट उघड होती. अमेरिकेतच 1972 मध्ये गिग्लिओ खटल्यात एका सरकारी वकिलाने साक्षीदाराला दिलेले वचन लपून राहिले, म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून नव्याने खटला चालवायला लावला. ते वचन खटला चालवणाऱ्या वकिलाला माहीतसुद्धा नव्हते, तरी सबब चालली नाही.

आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले आहे. घरझडतीला मोबाइल चालतो, तर मग या बोलण्यांनाही चालेल. आरोपीने माफीची इच्छा दाखवल्यापासूनची प्रत्येक भेट, तारीख, हजर असलेली माणसे आणि बोललेला शब्द नोंदवला जावा, आणि माफीच्या अर्जासोबत तो सगळा कागद बचाव पक्षाला मिळावा. साक्षीदाराच्या घरच्यांच्या जिवाला धोका असेल तर पत्ते झाका. वचने झाकू नका.

यासाठी संसदेकडे डोळे लावून बसायची गरज नाही. उच्च न्यायालयाच्या क्रिमिनल मॅन्युअलमध्ये, म्हणजे खालच्या फौजदारी कोर्टांसाठीच्या नियमपुस्तिकेत, अशी भर घालता येते. बीड, लातूर, धाराशिव, परभणी इथल्या वकील संघांनी ठराव करून औरंगाबाद खंडपीठातील वकील संघामार्फत तशी मागणी करावी, ही विनंती.

— एक ज्येष्ठ वकील, अंबाजोगाई (जि. बीड)